मनगटावरचे डाग

जुने सोफे उसवायचं काम करणाऱ्या बाईला माणूस या प्राण्याबद्दल फारसं प्रेम उरत नाही. बैठकीच्या फटीत हात घातला की काय काय हाताला लागतं, ते जेवताना सांगण्यासारखं नाही. नखांचे तुकडे, केसांचे गुंते, चघळून टाकलेलं काहीबाही, एकदा तर अख्खी कवळी. गिऱ्हाईक दारात उभं राहून "आमच्याकडे फार स्वच्छता असते हो" म्हणत असतं आणि आपली सोफावाली नाकाला फडकं बांधून त्यांची स्वच्छता सुपलीत भरत असते.

तिला सगळे सोफावालीच म्हणत. अंगाने पाप्याचं पितर. कारखान्यात पहिल्या दिवशी मालकाने तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, रेक्झिन ताणायला अंगात वजन लागतं." तिने पक्कड उचलली, रेक्झिनची कड धरली आणि लाकडी चौकटीवरून अशी ओढली की शेजारी उभा असलेला आडदांड कारागीर खिळा ठोकायचा विसरला. त्या दिवसापासून ताणायचं काम तिच्याकडे आलं आणि दोन माणसांचं जेवणाऱ्या त्या आडदांडाकडे सोफे उचलायचं. "एवढीशी तू, हाताला अशी पकड आली कुठून?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "कामाने येते." विषय तिथेच संपवायची तिला घाई असे.

कारण पकड म्हटलं की तिला बाप आठवायचा. तिचा बाप मांसाच्या शीतगृहात हमाल होता. जनावराचं अख्खं धड खांद्यावर घ्यायचा आणि आकड्याला लटकवायचा. त्याचं स्वतःचं वजन शंभर किलोच्या वर. मान कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. लोक त्याला रेडा म्हणत आणि त्याला ते आवडे. घरात तो कधी ओरडला नाही की कधी हात उगारला नाही. त्याला कुणी "नाही" म्हटलं की तो फक्त मनगट धरायचा. धरायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा, "नाही"चं "हो" होईपर्यंत. मग बोटं सोडायचा. खाली चार बोटांचे चार डाग आणि अंगठ्याचा पाचवा. आई भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे घालायची.

"देहच एवढा आहे त्यांचा," आई म्हणायची. "त्या मानाने पकड असणारच. म्हातारपणी अंग उतरलं की पकडही उतरेल." बिचारी त्या आशेवर जगली आणि बापाचं अंग उतरायच्या आधीच गेली.

पुढे अंग उतरलं, आणि असं उतरलं की हाडांवर नुसतं कातडं लोंबत राहिलं. बापाला एकट्याने राहता येईना, तेव्हा सोफावालीने त्याला आपल्या घरी आणलं. दुसरं करणारं कुणी नव्हतं. तो घरात आला आणि तिच्या नवऱ्याने लांबच्या साइटवर बदली मागून घेतली. जावई शहाणा होता. मागे राहिल्या सोफावाली, तिची शाळकरी लेक आणि पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर बस्तान मांडलेला बाप.

तो सोफा तिने स्वतःच्या हाताने शिवला होता. आता तिला त्याच्याकडे बघवत नसे. बाप चहाच्या कपात थुंकायचा, आणि कप आपल्या जागेवर ठेवायचा, झाकण घालून, म्हणजे उचलणाऱ्याला आधी कळू नये. जेवल्यावर बोटं पडद्याला पुसायचा. टाचांची साल सोलून उशीखाली साठवायचा, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. रात्रंदिवस घशातला खाकरा घरभर ऐकू यायचा. लोकांच्या सोफ्यांतली घाण निदान वाळलेली तरी असे. घरातली ओली होती. "बाबा, कपात नका ना थुंकू," असं ती तोंडाने अहो-जाहो करत म्हणायची आणि मनात अरे-तुरेच्याही खाली उतरायची. पण बोलायची ते हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभी राहून. कारण सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

हेही तिने निभावलं असतं. पण एका सकाळी लेकीची वेणी घालताना पोरीची बाही वर सरकली आणि मनगटावर हिरवट-निळे डाग दिसले. लेक सातवीत. सोफावालीने तिचं मनगट धरून उजेडाकडे वळवलं.

"आजोबांनी ना?"

लेक धरलेल्या मनगटाकडे बघत राहिली.

"बोल ना. आजोबांनीच ना?"

लेकीने मान हलवली, हो की नाही ते नीट कळलं नाही, आणि बाही खाली ओढली. बाही खाली ओढायची ती तऱ्हा सोफावालीने आईच्या हाताला पाहिली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी तिने वृद्धाश्रमाला फोन लावला.

वृद्धाश्रमाची एकच अट होती. उठता-बसता म्हाताऱ्याला कठडा घट्ट धरता आला पाहिजे. ज्याला धरता येत नाही तो अंथरुणाला खिळलेल्यांत जमा, आणि त्या विभागात जागा नव्हती, कधी होईल याचा नेम नव्हता. हे ऐकून सोफावाली फोनवर हसलीच. असल्या परीक्षेत तिचा बाप पहिला आला असता.

तपासायला नर्सबाई आली. गोल, हसरी, एका हातात वजनकाटा आणि दुसऱ्या हातात पकड मोजायचं यंत्र. यंत्र साधंच, एक मूठ आणि वर काटा. आधी तिने बापाला वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो. मग यंत्र त्याच्या हातात दिलं.

"आजोबा, आता जोरात दाबा बरं."

बापाने यंत्राकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने मेलेल्या माशासारखा हात मुठीवर ठेवला आणि कण्हला. काटा जेमतेम हलला.

"अजून एकदा, आजोबा."

"नाही हो होत, बाई." आवाजसुद्धा त्याने बारीक केला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटली, तीही त्याने पुसली नाही. शीतगृहात आयुष्य घालवलेला माणूस नाटकात का गेला नाही, असं सोफावालीला वाटलं.

"सॉरी, ताई," नर्सबाई म्हणाली. "वजन इतकं घटलं की स्नायू जातात, मग पकड कुठून राहणार? आम्हाला यांना घेता नाही येणार." यंत्र टेबलावर ठेवून ती खाली वाकून वजनकाटा पिशवीत भरू लागली.

सोफावाली मनात हिशेब करू लागली. अजून किती वर्षं? कप, पडदे, उशीखालची सालं, आणि पोरीची बाही. तेवढ्यात बापाने तिच्याकडे बघून एक डोळा बारीक केला. तो जिंकला होता. त्याचा खरा आवाज परत आला.

"ए, रिमोट दे इकडे."

तिने रिमोट उचलला आणि पाठीमागे धरला.

"नाही."

हा शब्द लहानपणानंतर तिने त्याला कधी म्हटला नव्हता.

"काय?"

"नाही देणार."

बापाचा हात आला. धरताना तो मनगटाकडे कधी बघत नसे, तोंडाकडे बघे. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने टेबलावरचं यंत्र उचललं आणि मनगटाच्या जागी यंत्राची मूठ पुढे केली. पाचही बोटं मिटली. बाप तिच्या डोळ्यांत बघत दाबत राहिला, आणि काटा चढत राहिला.

"नर्सबाई," ती शांतपणे म्हणाली, "जरा इकडे बघता का?"

"अगं बाई! चौतीस? अठ्ठेचाळीस किलोचा माणूस आणि चौतीस किलोची पकड?" नर्सबाई कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "आजोबा, तुम्ही तर आमचा कठडा उपटून काढाल!"

बापाला कळलं तेव्हा त्याने यंत्र सोफ्यावर फेकलं, एक घाणेरडी शिवी दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. सोमवारी न्यायचं ठरलं.

यंत्र पुसता पुसता नर्सबाईने ते सहज सोफावालीपुढे धरलं. "तुम्ही दाबून बघा ना, ताई. गंमत." सोफावाली आनंदात होती. तिने दाबलं. काटा वर गेला आणि त्याच खुणेवर थांबला. नर्सबाईने डोळे मोठे केले. सोफावालीला यंत्राची मूठ एकदम ओलसर, ओशट वाटली. तिने हात कपड्याला पुसला, मग पुन्हा पुसला.

"कामाने येते," ती म्हणाली. नर्सबाईने काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लेक शाळेतून आली. सोफावालीने तिला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. "आजोबा सोमवारी आश्रमात जाणार," ती म्हणाली. "आता तुझं मनगट कुणी धरणार नाही."

लेक खुश होईल असं तिला वाटलं होतं. लेक दप्तराचा पट्टा चाचपत उभी राहिली.

"आजोबांनी कुठे धरलं होतं?"

"म्हणजे? ते डाग..."

"ते तू धरलं होतंस, आई. मी क्लासला जाणार नाही म्हटलं होतं ना, तेव्हा."

बाहेर सोफ्यावर बाप खाकरला. सोफावालीने आपला उजवा हात डाव्या हातात झाकला. एवढी किळस तिला कुठल्याच सोफ्याच्या फटीत आली नव्हती.

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

लेकीने बाही खाली ओढली.

"तेव्हा पण तू धरलेलंच होतंस."