सात सीटच्या गाडीत आठवी

“ती सीट काढून वॉचमनकडे ठेव रे. मग हिला बसायला होईल.”

‘हिला’ म्हणजे मला. मी डिकीमागे दोन बॅगा धरून उभी होते आणि आत्या पुढच्या सीटवरून, मागे वळूनही न बघता, दादाला सांगत होती. ती सीट म्हणजे बाळाची.

आम्ही मुलुंडहून नाशिकला निघालो होतो. दादाच्या तीन महिन्यांच्या मुलीचं बारसं वहिनीच्या माहेरी होतं, संध्याकाळी पाचला. आदल्या दिवशी सगळं नीट बसलं होतं. दादा गाडी चालवणार, शेजारी बाबा. मधल्या रांगेत दादाची दोन्ही मुलं आपापल्या सीटमध्ये आणि कडेला वहिनी. शेवटच्या रांगेत आई आणि मी. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, गुडघ्यांमुळे येणार नव्हती. पण सकाळी सात वाजता ती बोरिवलीहून रिक्षाने येऊन गेटवर उभी.

“म्हटलं, भावाच्या नातीचं बारसं आणि मी घरी बसून काय करू?”

गुडघे वाकत नाहीत, म्हणून पुढची सीट तिला. बाबा मागे आईशेजारी गेले. राहिले मी.

बाळाची सीट मीच बसवली होती. माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होती. “तूच वाच ना, तुझं इंग्लिश आहे,” म्हणून दादाने ती माझ्या हातात ठेवली होती. आधी मी मुलांच्या सीट दोन्ही खिडक्यांशी लावल्या. मग लक्षात आलं की मधल्या रांगेची एक तरी बाजू दुमडल्याशिवाय मागे जाताच येत नाही, आईला डिकीतून चढावं लागेल. म्हणून सगळं सोडून पुन्हा सुरुवात. बाळाची सीट दादाच्या मागे, तोंड मागच्या काचेकडे. तीन वर्षांचा पुतण्या मधे. वहिनीची बाजू दुमडायला मोकळी. बाळाच्या सीटमध्ये गुडघा रोवून मी पट्टा ओढत राहिले, ती हलायची थांबेपर्यंत. हाताला वळ उठले होते.

“आत्या, हायवेला जायचंय गं,” दादा म्हणाला.

“मग? तुला हॉस्पिटलातून टॅक्सीने आणला तो मांडीवरच. पडलास का कुठे?”

“काय ते ठरवा लवकर,” मागून बाबा. “भिवंडीला अडकलो की वाट लागली.”

वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती. सासरच्या एवढ्या मोठ्या माणसासमोर ती बोलणार नव्हती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग बाळाची टोपी सारखी करत राहिली. टोपी सरळच होती.

गेल्या महिन्यात दादाने ऐरोलीजवळ अचानक ब्रेक मारला होता. वहिनीच्या हातातली पाण्याची बाटली सुटून पुढच्या काचेवर आदळली होती. तिने ती घट्ट धरली होती. मला तो आवाज आठवत होता. पण घरात सगळे एकदम बोलतात, आणि माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

दादाने दार उघडलं, वाकला, पट्ट्याशी झटापट केली. काही निघेना. मग वाकूनच म्हणाला, “हे कसं सोडायचं गं?”

ते फक्त मला माहीत होतं. मागच्या बाजूला लाल बटण होतं, ते दाबून पट्टा सैल करायचा. दोन सेकंदांचं काम.

“मी नाही येत,” मी म्हटलं. “तुम्ही जा.”

खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. आठवडाभर मला त्या पाळण्याचीच धास्ती होती. एवढे अनोळखी लोक आपल्याकडे बघणार, आणि बाळाच्या कानात नाव सांगून मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं.

आता मात्र आत्या वळली. गुडघ्यांसकट, पूर्ण.

“नाही येत म्हणजे? बाळाची आत्या कोण, तू का वॉचमन? तुझं नाव मी ठेवलं, हिचं तू ठेवायचं. तुझ्याशिवाय बारसं व्हायचं कसं? दादाला दाखव कसं सोडायचं ते आणि बस गपचूप. बारीक तर आहेस.”

पुतण्याने तेवढ्यात बिस्किट मागितलं. दादाचा हात अजून पट्ट्यावर होता. मी बॅगा खाली ठेवल्या, दाराशी गेले आणि तो हात बाजूला केला. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“सीट निघणार नाही. बाळ तिच्या जागेवरच बसेल. मी ठाण्याहून एसटी पकडते. पाच वाजोत नाहीतर सात, मी पोचेपर्यंत तिचं नाव कुणी ठेवायचं नाही.”