फुनाबोरीहून मिनेसोटा

नारिता विमानतळावर उतरले तेव्हा पाय सुजले होते आणि जपान बघायचा उत्साह विमानातच संपला होता. तसंही मी फिरायला आलेच नव्हते. टोकियोत नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने, सुजाताने, फोनवर हुकूम सोडला होता : "ताई, तू अमेरिकेत शिकलीस. इराला न्यू जर्सीसाठी तयार कर. तिथे तिचे काका तरी आहेत." तिच्या लेकीला मात्र मिनेसोटातलं एक आडगाव हवं होतं. तिथे आपलं कुणीच नाही. कॉलेजात प्रवेश दोन्हीकडे मिळाला होता आणि उत्तर त्याच आठवड्यात कळवायचं होतं.

सुजाताचं घर असलेल्या फुनाबोरीपर्यंत गाडीत मी उभीच होते. आसपास माणसं उभ्याउभ्या झोपत होती, मला तेही जमेना. घरी वरणभात खाल्ला आणि पाण्याची रिकामी बाटली झाकणासकट कचऱ्यात टाकली. इराने ती मुकाट्याने बाहेर काढून झाकण वेगळं केलं. इथे कचऱ्याचीही जातपात सांभाळावी लागते.

दुसऱ्या दिवशी तिने मला नदीकाठी नेलं. वाटेत कोनबिनीतून (कायम उघडं असणारं दुकान) ओनिगिरी (भाताचा मुटका) घेतली. वेष्टन मी नेमकं उलट्या बाजूने फाडलं आणि भात मांडीवर सांडला. दमले होते, म्हणून आडवळण न घेता विचारलं, "काकांजवळ का नको?"

"काका छान आहेत, मावशी. पण काही झालं तर ते येणार ना मला घ्यायला."

"मग बरंच की."

माझ्या मांडीवरची शितं वेचत ती सांगू लागली. २०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा ती पहिलीत होती. इथे हिकिवाताशी असते (आपत्तीत शाळेने मूल फक्त नाव नोंदवलेल्या माणसाच्या हाती देणं). बाबा तेव्हा पुण्याला गेलेले, आणि घाईत आईने नाव फक्त स्वतःचं दिलेलं. शेजारच्या काकू न्यायला आल्या, तरी बाईंनी सोडलं नाही. गाड्या बंद पडल्या होत्या. सुजाता ऑफिसातून चालत आली.

"सगळी मुलं गेली. मग आई आली. बूट हातात होते आणि पायांतून रक्त येत होतं," इरा म्हणाली. "माझ्यासाठी परत कुणी असं चालू नये. मिनेसोटाला कुणी चालत येऊच शकत नाही. सो, डाइजोबु (काळजी नाही)."

मला रडू आलं. तिला समजवायला निघालेली मी तिच्यामागून घरी परतले.

निघायच्या दिवशी विमानतळावर सुजाताला सगळं सांगितलं. ती माझ्या बॅगेची मूठ घट्ट धरून उभी राहिली.

"ताई, फोन लागत नव्हता. माझी पोर जिवंत आहे की नाही, ठाऊक नव्हतं. चालता येत होतं म्हणून त्या दिवशी मला वेड लागलं नाही. पाय दुखल्याचं मला आठवतसुद्धा नाही गं."

"हे मला नको, तिला सांग."

पुण्यात पोचल्यावर आठवडा मी नुसता झोपून काढला. इतक्या लांब जाऊन माझा सल्ला कुणाच्याच कामी आला नाही. सुजाता तिच्याशी बोलली, तरी इराने मिनेसोटाच घेतलं. फक्त वसतिगृहाच्या अर्जावर, अडचणीत कुणाला बोलवायचं या रकान्यात, घरच्यांनी काकांचं नाव सुचवलेलं असताना तिने आईचं घातलं.

"ती येईलच," मला फोनवर म्हणाली. "येऊ दे."