भाऊजींची बसून घ्यायची गोळी

भाऊजी गेले, पण कारंज्याच्या बाजारात 'शेठ हार्टनं गेले' एवढंच पसरलं, तेव्हा लोक आधी माझ्या घरी आले. दार मीच उघडलं. समोर चहावाला गणपत, हातात हार. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "अरे… तुमी हाय?" मी आहे, यानं त्याला अवघडल्यासारखं झालं. मलाही. बाजारात हार्टचा पेशंट म्हणून माझंच नाव होतं, आणि ते नाव मी बरीच वर्षं मेहनतीनं कमावलं होतं.

ताईला विचारूनच हे लिहितोय. नामदेवभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायवेच्या कडेला त्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान, त्याला लागून माझं कापडाचं. मी दिवसभर गादीवर बसणारा. पोट त्याची साक्ष देतं. भाऊजी मात्र बसतच नसत. जेवतानासुद्धा आता उठतो की मग उठतो, असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या छातीत दाटायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि बजावलं, बसूनच घ्यायची. भाऊजींनी ती उभ्यानं घेतली, पाइप मोजता मोजता, आणि पाइपांच्याच बंडलावर आडवे झाले. कपाळाला टाके पडले. "पाय घसरला," एवढंच त्यांनी बाजारात सांगितलं.

त्यांची मुलगी सुषमा तेव्हा सेवाग्रामला डॉक्टरकी शिकत होती. ती तडक निघून आली आणि दुकानातच सुरू झाली. "बाबा, ह्या गोळीतून नसेत एक वायू तयार होते. नायट्रिक ऑक्साइड. थो नसेले सांगते, सैल हो. छाती मोकळी होते. पण साऱ्या अंगातल्या नसा सैल पडतात, प्रेशर खाली येते, अन् उभा माणूस पडते."

"पाइप कुठं सांगितल्यानं रुंद होते काय?" भाऊजी म्हणाले. आयुष्य पाइप विकण्यात गेलेलं.

"हे जिवंत पाइप हाय. आतलं अस्तर धड असलं तर थेच हा वायू बनवते अन् निरोप धाडते. तुमचं अस्तर बिघडलं, म्हून निरोप बाहेरून द्या लागते."

मग तिनं सांगितलं की हाच वायू ट्रकच्या धुरातही असतो. बंद खोलीत शेगडी पेटवली की जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, हेसुद्धा शरीर कणभर बनवतं, निरोपासाठीच. जास्त झाले की विष. बाहेर एक ट्रक चालू उभा होता. मी नाकाला रुमाल लावला.

"समजलं," भाऊजी म्हणाले. "पण बाजारात मी बसणार नाई. दुकानदार बसला का गिऱ्हाईक समजते, ह्याचं आटपलं."

"नाई बसले तर खरंच आटपन, बाबा." सुषमा म्हणाली. तिनं रुमालामागच्या माझ्याकडे पाहिलं. "मामा… तुमी बसा ना."

योजना तिची, नट मी. छातीत दाटलं की भाऊजी मला विचारायचे, "साळेबुवा, चेहरा असा काऊन दिसून राह्यला तुमचा?" की मी छातीवर हात ठेवून असेन तिथं मटकन बसायचं. मला धीर द्यायला भाऊजी शेजारी टेकायचे, आणि माझ्यासाठी पाणी मागवता मागवता गोळी स्वतःच्या जिभेखाली सारायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत हे झालं. "यांले गोड देऊ नका!" म्हणत लोकांनी माझ्या पानातली जिलेबी उचलून नेली. ती नंतर भाऊजींनी खाल्ली.

बसल्यावर मात्र त्यांची घालमेल बघवत नसे. नजर दुकानाकडे, हात गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत.

"झालं काय? उठू?"

"नाई, अजून."

"थो वायू पोचला असन ना?"

"पोचला, निरोप दिला, अन् विरलाही. सुषमा म्हणते, काही सेकंदच टिकते."

भाऊजी रस्त्याकडे बघत राहिले. "म्हणजे थोही बसत नाई," म्हणाले, आणि हसले.

गेले त्या पहाटे भाऊजी अंगणात पाणी भरत होते. उभे. मी दोन गल्ल्या पलीकडे झोपेत. सुषमा आता स्वतः डॉक्टर आहे. ती सांगते, "मामा, ह्या वेळी गोळीनं भागलं नसतं, गुठळी मोठी होती." पटतं मला. तरी पहाटे जाग येते, अंथरुणात थांबवत नाही, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालतो… मी, गादीवरचा माणूस.

तेरवीनंतर दुकान उघडलं तर गणपतनं त्याचं बाकडं माझ्या दारात आणून ठेवलं. "बसा, शेठ. आता तुमच्याकडं कोण पाहीन? थे होते तवर किती जपत होते तुमाले… कुठंही बसवत, पाणी पाजत."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण तो म्हणाला त्यात खोटं काय होतं, तेही नीट सापडेना. "हो," म्हटलं, आणि बाकड्यावर सरकून बसलो, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. गणपतनं पाण्याचा ग्लास आणला आणि त्या जागेवर ठेवला.