बाबासोंची बिनरंगाची डॉज

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत बाबासोंची डॉज उभी असते, बरोबर माझ्या खिडकीसमोर. अमेरिकन गाडी, वयाने माझ्याहून मोठी, आणि मीही काही लहान नाही. मूळचा बाटलीहिरवा रंग आता दारांच्या कडेलाच उरलाय. टपावर लालसर प्रायमर, बॉनेटवर उघडा पत्रा. ड्रायव्हरच्या खिडकीचा काठ तर कोपर टेकवून टेकवून पार गुळगुळीत झालाय. ते कोपर बाबासोंचं. वाशीच्या मार्केटातल्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी आयुष्यभर हीच गाडी चालवली. शेवटी शेठ थकला, गाडीही थकली, तेव्हा त्याने ती त्यांनाच देऊन टाकली.

"बाबासो, जरा रंग मारा हो," मी कितीदा म्हटलं असेल. "माझ्याकडे पाहुणे येतात, त्यांना आधी हिचं दर्शन!"

"ताई, रंग मारला की ती कुणाचीबी गाडी हुईल. आता ती माजी हाय."

मी खिडकी लावून घ्यायचे. पण खरं सांगू, तिचं दार बंद होतानाचा तो भरदार आवाज मलाही आवडायचा. हल्लीच्या गाड्यांची दारं डब्याच्या झाकणासारखी वाजतात.

यंदा त्यांच्या लेकीचं, उत्कर्षाचं लग्न ठरलं. नवरामुलगा धनेश, खारघरचा, माणसं चांगली. बाबासोंची एकच हौस होती, लेकीची पाठवणी डॉजमधून करायची, गाडी आहे तशीच ठेवून. आणि उत्कर्षाची एकच अट, रंग मारला तरच.

"आबा, त्यांच्या टॉवरच्या गेटवर सगळे उभे असणार. त्यांच्यासमोर हे भंगार घेऊन जाऊ?"

तो शब्द त्यांना फार लागला. ते गाडीजवळ फिरकेनात. शेवटी त्यांच्या बायकोने, शालनने समजूत घातली, "लेक एकदाच जायची हाय. मारा की रंग." बाबासो कबूल झाले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. उलट त्या पोरीचाच राग आला.

रंग पसंत करायला बापलेक निघाले, मलाही बरोबर नेलं. तळोज्याच्या गॅरेजात पेंटर रूपेशने घासायचा पेपर भिजवून ठेवला होता. त्याने डिकी उघडली आणि विचारलं, "आतून पण मारायचा का?"

आम्ही वाकून पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला शेंदराचे पंजे होते. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की बाबासो तेलात कालवलेला शेंदूर लेकीच्या हाताला फासून तिथे ठसा उमटवायचे. बाहेरचा पावसात जाईल, म्हणून आतून. पहिला पंजा पेढ्याएवढा, मग प्रत्येक जरा मोठा. कॉलेजात गेल्यावर उत्कर्षाने हात द्यायचं सोडलं. तिथे रांग थांबली होती आणि पुढे कोरा पत्रा.

उत्कर्षाने पहिल्या ठशावर बोट ठेवलं. "आबा, हे अजून आहेत?"

"रंगच न्हाई मारला कदी, मंग जातील कुटं?"

तिचं बोट एकेका पंजावरून कोऱ्या पत्र्यापर्यंत गेलं. मग म्हणाली, "रूपेशभाऊ, लावा झाकण. काही मारायचं नाही." माझा राग तिथेच गेला.

लग्नाच्या दिवशी मात्र नवाच पेच. नवरीच्या गाडीत आईबापांनी जायचं नाही, ही आपली रीत. सोबत जाते ती पाठराखीण, म्हणजे मी. पण डॉज चालवणार कोण? तिचा गिअर स्टिअरिंगपाशी, क्लच लहरी, बाबासोंशिवाय ती कुणाला जुमानत नाही. रंगाच्या वादात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"आमची गाडी आहे ना, टेन्शन कशाला?" धनेशचे काका म्हणाले.

बाबासो आत गेले. फेटा उतरवला, शेठच्या वेळचा पांढरा ड्रेस चढवला, टोपी घातली आणि बाहेर आले.

"बाप हितं दारात ऱ्हायला, पावणं. ह्यो डायव्हर हाय."

काका खो खो हसले, सगळा मांडव हसला. शालन हसता हसता रडायला लागली, मग मीही.

निघताना उत्कर्षाने डिकी उघडायला लावली. मेंदीच्या हाताला शेंदूर फासून कोऱ्या पत्र्यावर पंजा उमटवला. शालूला डाग पडला. मग ती पुढे जाऊन बसली. जुन्या अमेरिकन गाडीची पुढची सीट सोफ्यासारखी अख्खी असते. एका बाजूला बाबासो, दुसऱ्या बाजूला धनेश आणि मध्ये ती, आबांना खेटून. मागे मी एकटीच, शेठाणीसारखी.

बाबासोंचं कोपर खिडकीच्या त्या गुळगुळीत काठावर टेकलं. खारघरचं वळण आलं आणि गाडी सरळ पुढे गेली.

"आबा, वळण गेलं."

"गिअर अडाकला गं. फुडनं वळू."

पुढचं वळणही गेलं. गिअर अगदी व्यवस्थित पडत होता, मी मागून बघत होते. पण मी कशाला सांगू?