आपणच घेतलेला पत्ता

आज ऑफिसात नेट बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या बाईंनी माझ्या कॉम्प्युटरवरचा एक आकडा दाखवला. म्हणाल्या, "हा नेटवरचा पत्ता कॉम्प्युटरनं स्वतःच घेतलाय. सुरू झाला की तो पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला विचारतो, मी कुठला पत्ता लावू? उत्तर आलं नाही की थोडा थांबतो आणि आपणच एक निवडतो. तोही शेजारच्या कॉम्प्युटरांना विचारून, की हा कुणाचा नाही ना. मग मधूनमधून सर्व्हरला परत विचारत राहतो."

मी मान डोलावली, पण मला बाबा दिसत होते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. दारातच त्यांनी विचारलं होतं, "माझे कपडे कुठे ठेवू रे?" मी फोनवर होतो. हातानंच थांबा म्हटलं आणि विसरलो. दोन दिवस त्यांची बॅग सोफ्यामागे पडून होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, "इथे कुणाचं काही नसतं ना?" आणि बाल्कनीत, वॉशिंग मशीनवरच्या फळीवर आपले चार सदरे घडी करून ठेवले. मला ते सोयीचंच वाटलं. बाबा किती समंजस आहेत, हे मी मित्रांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

अजूनही कधीतरी सकाळी ते विचारतात, "त्या कपड्यांचं कसं करायचं रे?" बूट घालता घालता मी म्हणतो, "संध्याकाळी बघू."

बाई सामान आवरत होत्या. त्यांच्याकडे मला बघवेना.

"सर्व्हर चालूच होता, साहेब," त्या म्हणाल्या. "नुसता उत्तर देत नव्हता."