कुड्याच्या काडीची सुई

ताईला क्रोशा यायचा, मला यायचा नाही. माझ्या तळहातांना घाम सुटतो. पांढरं सूत माझ्या हातात दोन ओळींतच चहाच्या फडक्यासारखं दिसायला लागतं. "तू तिकडं बस वं," ताई म्हणायची, आणि मी तिकडं बसून जळत राहायची. तिच्याजवळ बसायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून मी तिच्या सुया करायला लागले.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव करडीजवळ, घर धानशेतीचं. ताईच्या लग्नात रुखवत मांडायचं होतं आणि त्यासाठी बाबांनी एका विणकराकडून मागावर उरलेलं जाड सूत आणलं होतं. भंडाऱ्याच्या बाजारातली बारीक लोखंडी सुई ते सूत फाडायची. मग मी कुड्याच्या झाडाची काडी तोडायची, साल काढून धानाच्या कोंड्यात पुरून ठेवायची. ओली काडी तासली की पुढं वाकते. कोंड्यात ती सावकाश आणि सरळ वाळते. वाळली की ताईचा पंजा हातात घेऊन दोऱ्यानं माप घ्यायचं. तेवढी काडी कापून टोकाला चाकूनं खाच पाडायची, बाटलीच्या काचेनं तासायची आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचं. हे सगळं मी ताईला शंभरदा सांगितलं असेल. ती टाके मोजता मोजता "हूं" म्हणायची.

रुखवतातली तोरणं, रुमाल पाहून बायका ताईच्या हाताचं कौतुक करून थकल्या. सुई कोणाच्या हातची, हे एकीनंही विचारलं नाही. ते मी गिळलं, कारण कौतुक लोकांचं असलं तरी ताई माझी होती.

धान निघाल्यावर मी तिला भेटायला तिच्या सासरी, पवनीला गेले. पिशवीत तिच्यासाठी नवी सुई होती, आजवरची सगळ्यात चांगली. अंगणात ताई आणि तिची धाकटी नणंद गुडघ्याला गुडघा लावून विणत बसल्या होत्या. मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्यासमोर बसले.

नणंदेनं आपली सुई माझ्यापुढं धरली. "पाहा ना, वहिनीनं सोताच्या हातानं बनवून देली मले."

मी ती उलटीपालटी करून पाहिली. मधून वाकली होती, आणि खाच इतकी उथळ की धागा अडकला तर नशीब. माझ्या हातून अशी झाली असती तर मी चुलीत घातली असती.

"काडी वाळवली नाही वाटते," मी म्हणाले.

"काहून? मस्त चालते," नणंद म्हणाली आणि सुई माझ्या हातून काढून घेतली.

ताई हसली. "तुह्यासारखं मले थोडी जमते. बोट कापलं ना वं माह्यं. पण हे मांगंच लागली होती, मंग काय करू?"

मी माझी सुई काढून दिली. ताईनं ती बोटांत फिरवून पाहिली, छान झाली म्हणाली, आणि सुताच्या टोपलीत टाकून पुन्हा नणंदेचे टाके मोजायला लागली.

इतक्या वर्षांत ताईनं माझ्यासाठी एक काडीही तासली नव्हती. मला ती वाकडीच सुई हवी होती.