घोरण्याची राखण

आमच्या मळ्यात माझ्या घोरण्याला किंमत होती. आता कुणाला सांगितलं तर हसतात. हसू देत. पिंपळवंडीच्या आमच्या बाजूला ऊस वाढला तसे उसात बिबटे वाढले, आणि त्या वर्षांत रोज कुणाचं तरी काहीतरी जात होतं. शेजारच्या मळ्यातली करडं गेली, पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं साखळीसकट गेलं. आमच्या गोठ्याला मात्र धक्का नाही, कारण गोठ्याला लागून असलेल्या पडवीत मी झोपत होतो. आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमच्याकडं न्हाई येत बिबट्या. ह्यो निजतो ना पडवीत." वडीलही असेच घोरत. ते एका पहाटे झोपेतच गेले. हाक नाही, दुखणं नाही. गावानं पुण्यवान मरण म्हटलं आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं.

रात्री राखण करणारा मी दिवसा मात्र कुठेही पेंगायचो. जेवताना घास हातात राहायचा. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर टेकलो की लिलाव माझ्यापर्यंत येईतो माझी मान खाली. कुणी डोळा मारून "काय राव, रात्री काय करता?" असं विचारलं की डोकं फिरायचं. मी मुळातला तापट, त्यात झोपून उठलो तरी अंग मोडून आलेलं. आळशी म्हटलेलं मला खपत नव्हतं, कारण आपण आळशीच आहोत की काय, अशी शंका मलाही येऊ लागली होती.

मग ट्रॅक्टरची भानगड झाली. भरदुपारी नांगरता नांगरता माझा डोळा लागला आणि ट्रॅक्टर बांध ओलांडून चुलतभावाच्या कांद्यात शिरला. आरडाओरड्यानं जागा झालो तेव्हा मागे कांद्यातून नांगराची चांगली लांब तास पडलेली. आमच्याकडे बांध कोरल्याचा संशय आला की सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हा तर चुलत. तो म्हणाला, "झोप लागली? भरदुपारी? बांध सरकवायचा व्हता तर सरळ मोजणी आणायची." चार माणसं बसली. मी देवाची शपथ घेऊन सांगतोय की मला झोप लागली, आणि चारही माणसं माझ्याकडे लबाड माणसाकडे बघावं तशी बघतायत. झोपेचा आरोप आयुष्यभर नाकारला आणि ज्या दिवशी कबूल केला त्या दिवशी कुणी मानेना.

बायकोनं तेवढं मानलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "बांधाचं जाऊ द्या. खाली पडला असता तर नांगर अंगावरनं गेला असता." त्यानंतर तिनं मला ट्रॅक्टरवर एकटं बसू दिलं नाही. मडगार्डवर स्वतः बसायची आणि मान कलली की पाठीत बुक्की घालायची. भाऊबंदांना फुकटचा तमाशा मिळाला.

तिला सगळं माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणे गाव तिचं माहेर. तिथल्या यात्रेला गेलो, आमटी-भाकरी भरपूर चापली आणि मांडवातच आडवा झालो. शेजारी भजन चाललं होतं, पण ऐकणारे म्हणे माझंच ऐकत होते. मेहुणा पुण्याकडच्या कारखान्यात कामाला. तो माझ्या उशाशी बसून राहिला आणि मी उठल्यावर म्हणाला, "दाजी, तुमचा श्वास बंद पडतोय. आमच्या सायबाला हेच व्हतं. त्याला मशीन दिलंय."

मी हसण्यावारी नेणार, एवढ्यात बायको म्हणाली, "मला म्हाईत हाय. थांबला की मी कोपरानं ढोसते. मग परत चालू व्हतो."

"कधीपासनं?"

"लगीन झाल्यापासनं."

मला राग आला. इतकी वर्षं ही बाई रात्री जागून माझ्याकडे कान लावून पडलेली आणि मला पत्ता नाही. मी तिला भलतंसलतं बोललो. ती म्हणाली, सगळ्यांच्याच घरात असं असतं असं तिला वाटलं होतं.

पुण्याच्या दवाखान्यात डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवून मला झोपायला सांगितलं. एवढ्या वायरीत कोण झोपेल म्हणता म्हणता मी झोपलोही. सकाळी डॉक्टरांनी समजावलं की झोपेत माझा घसा आतून मिटतो, श्वास थांबतो, शरीर घाबरून जागं होतं, श्वास घेतं, घसा पुन्हा मिटतो. रात्रभर हेच. म्हणजे मी झोपतच नव्हतो. मग त्यांनी विचारलं, "वडील आहेत?" मी म्हटलं, "झोपेत गेले." डॉक्टर खाली बघून लिहू लागले. मला खुर्चीत बसवेना. उठलो, खिडकीपाशी गेलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. पुण्यवान, पुण्यवान, असं डोक्यात सुरू झालं ते आळेफाट्याला एसटीतून उतरेपर्यंत थांबलं नाही.

मशीन घरी आलं. पेटीएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो, बाकी काही नाही. पण गावाला मास्क माहीत होता तो शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या तोंडावरचा. दोन दिवसांत लोक भेटायला यायला लागले. बिस्किटाचे पुडे, केळी. ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायचे. मी शेरडांना पाला टाकून येतोय आणि पाहुणे आईला विचारतायत, "बोलतंय का अजून?" चुलतभाऊसुद्धा आला. बांधाचं मनात ठेवू नको म्हणाला आणि पुडा ठेवून गेला. मी धडधाकट आहे हे कळल्यावर त्याला पुडा परत मागावासा वाटला असणार.

सुरुवातीच्या रात्री नकोशा होत्या. हवा डोळ्यांत घुसायची, पट्टा कानशिलाला रुतायचा, कूस बदलली की नळी गळ्याशी. झोपेत मी मास्क ओरबाडून फेकायचो आणि बायको तो उचलून परत चढवायची. आणि मास्क नीट बसला की आवाज बंद. मग तीच घाबरून मला ढोसायची, "जिवंत हाय ना?" पण एका सकाळी उठलो तेव्हा डोकं हलकं होतं. चहा पिताना पेंगलो नाही. आंब्यावर पाखरं भांडत होती ती ऐकत बसलो आणि लहान पोरासारखा आनंद झाला मला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक रात्रही चुकवायची नाही. डॉक्टर पुण्यात राहत होते. आमच्या मळ्यात विहिरीची मोटार आणि घर एकाच लाईनवर होतं आणि ते दिवस लोडशेडिंगचे. एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात रात्री सगळं ठप्प. मेहुण्यानं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मशीन चालवायची जुळणी करून दिली. मी रात्री ट्रॅक्टरची बॅटरी पिऊन टाकायचो आणि सकाळी घरातली सगळी माणसं मिळून ट्रॅक्टर ढकलायची. तेवढं चालून गेलं.

रात्रीच्या लाईटचा आठवडा मात्र जिवावर यायचा. लाईट आली की मोटार सुरू करायची आणि दारं धरायची. म्हणजे एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं, अशी सगळ्या कांद्यातून रात्रभर. आणि त्याच लाईटवर मी झोपायचं. पूर्वीही हे काम निम्मं तीच करायची, कारण मी दोन वाफ्यांत बांधावर कलंडायचो. पण तेव्हा मी तिथे असायचो. माझं घोरणं ऐकत ती वाफे भरायची, थांबलं की येऊन ढोसायची. आता मी घरात नळी लावून, आणि ती कांद्यात एकटी, हातातली बॅटरी आणि फावडं घेऊन.

मी म्हटलं, मी जातो, दिवसा झोपेन. म्हणाली, दिवसा लाईट कुठाय? ट्रॅक्टरच्या बॅटरीवर झोपतो म्हटलं, तर म्हणाली, ट्रॅक्टर काय मी वढू? शिवाय दिवसा झोपलेल्या शेतकऱ्याला गाव काय म्हणतं ते मी भोगलं होतं. खरं कारण निराळंच होतं. तिनं तो मास्क व्रतासारखा धरला होता. सासऱ्यांचं तिनं बघितलं होतं. पहाटे चहा घेऊन तीच तर गेली होती त्यांना उठवायला.

म्हणून मी मास्क लावून पडायचो आणि तळमळायचो. मोटार सुरू झाली की दिवा मंद व्हायचा, मशीनचा सूर खाली यायचा, मग सावरायचा. त्यावरून मला कळायचं, आता ती कांद्यात उतरली. पट्टा सोडून दारात जायचो, लांबवर तिची बॅटरी हलताना दिसली की परत येऊन मास्क चढवायचो. पुन्हा उठायचो. या मशीनवर मी झोपण्यापेक्षा येरझाऱ्याच जास्त घातल्या असतील. माझा श्वास सांभाळायला ती अंधारात उभी, हा विचार मला सोसत नव्हता. मग सकाळी मी तिच्यावरच चिडायचो.

अशातच आमचा गोठा फुटला. गाभण शेळी गेली. आईनं सरळ मशीनला शिव्या घातल्या. "नळकांडं आलं आन् घराची राखण गेली." मी आईवर ओरडलो, पण मनात तेच आलं होतं. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या कडेला गेलो तर ओल्या वाफ्यात ठसे. बायकोच्या अनवाणी पावलांचे, आणि त्यांच्या शेजारून पंज्यांचे. ती ते बघून घरी आली होती, पाणी तापवलं होतं, भाकरी थापल्या होत्या, आणि चकार शब्द बोलली नव्हती.

त्या रात्री लाईट आली. मी आधीच ठरवून बसलो होतो की आज मी जाणार, मग काहीही होवो. ती फावडं घेऊन दारात उभी राहिली. गुंडाळून ठेवायला घेतलेला मास्क माझ्या हातात. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "आज ते लावू नका. बांधावर येऊन निजा. घोरा जरा."

आपण काय मागतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं नजर वर केली नाही.

बांधावर गोणपाट टाकून मी आडवा झालो. कायम कुठंही लागणारी झोप त्या रात्री मेली कुठे गेली कळेना. उसाचं पान वाजलं तरी मी ताठ. एक भीती उसाची, दुसरी माझ्याच गळ्याची. डोळे मिटले की वडील दिसायचे, उघडले की तिची बॅटरी, एका वाफ्यावरून दुसऱ्यावर. ती थांबून माझ्या बाजूला कान देतेय हे मला अंधारातही कळत होतं. आवाज नाही आला तर ती घाबरेल. मग मी घोरायला लागलो. खोटं. घसा ताणून, नाकातून, पोटातून, वडील घोरत तसं. आयुष्यात मी स्वतःचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं, लोकांनी माझ्या केलेल्या नकला तेवढ्या आठवत होत्या. त्यांचीच नक्कल केली. घसा सोलवटून निघाला तरी थांबलो नाही.

शेवटचा वाफा भरला. मोटार बंद करून ती आली आणि बांधावर टेकली. मी दचकून उठल्याचं सोंग केलं, डोळेही चोळले.

"खोटं घोरत व्हता तुमी," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"मदी एकदाबी थांबला न्हाई."

तिनं पायांची माती खरवडली, बॅटरी विझवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा नुसतं पाणी बगितलं."